आकाशगंगेचा छायाचित्रकार : एडवर्ड एमर्सन बार्नार्ड

अमेरिकेतील टेनेसी प्रांताच्या नॅशव्हिल शहरी ता. १६ डिसेंबर १८५७ रोजी एडवर्ड बार्नार्डचा जन्म झाला. त्याचा बाप त्यापूर्वीच निवर्तला होता, आणि पुढे थोड्याच वर्षांत यादवी युद्धाचा वणवा त्या शहरापर्यंत येऊन पोचला. दोन मुलांचे पोट भरता भरता आईस नाकी नऊ येत. एडवर्ड शाळेत गेला तो सारा मिळून दोनच महिने. बाकीचे लिहिणे-वाचणे त्यास आईने घरीच शिकविले.

नववे वर्ष पुरे होण्याच्या आतच त्यास एका छायाचित्रगृहात कामास लावण्यात आले. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. लहान तसबिरीची मोठी प्रत काढावयाची तर सूर्यप्रकाशच वापरावा लागे, व त्यासाठी गच्चीवर एक अवजड यंत्र बसविलेले असे. सूर्य जसजसा सरके तसतसे चाक फिरवून यंत्राचे तोंड त्याच्याकडे राखावयाचे, एवढेच ह्या मुलाचे काम. उन्हात तासन्‌तास बसून करावयाचे हे काम इतके कंटाळवाणे होते की पूर्वीची मुले त्यावर झोपी जात, असे सांगतात. एडवर्ड झोपला नाही. त्या छायाचित्रगृहात तो सुमारे सतरा वर्षे राहिला, आणि आम्हांस वाटते, त्याचे खरे विद्यालय ती गच्चीच होय.

१८७६ साली एका इसमाने त्याजकडून दोन डॉलर उसने घेतले व तारण म्हणून एक पुस्तक ठेविले. पैसे काही परत आले नाहीत. पुस्तक होते थॉमस डिक ह्या स्कॉटिश धर्मोपदेशकाचे, आकाशातील ईश्वरी करणीविषयी. दोन डॉलर बुडाल्याने कोणाचे इतके कल्याण झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही! पुढील वर्षी बार्नार्ड यांनी पाच इंची दुर्बीण विकत घेतली. किंमत ३८० डॉलर, म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा दोनतृतीयांश भाग.

त्याच वर्षी नॅशव्हिल येथे शास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. त्या तरुणाने धीर करून सायमन न्यूकम ह्या नामांकित ज्योतिर्विदाची भेट घेतली. गणित येत नसेल तर दुर्बीण बाजूस ठेवावी, असा कोरडा सल्ला मिळाला. बार्नार्ड यांस रडू आवरले नाही. परंतु डोळे पुसून ते घरी आले आणि पदरच्या तुटपुंज्या पैशांतून त्यांनी गणिताचा शिक्षक ठेविला. सल्ला कठोर असला तरी खोटा नव्हता, ही गोष्ट त्यांनी ओळखली.

त्या वेळी नवा धूमकेतू शोधणारास एक धनिक गृहस्थ २०० डॉलरचे बक्षीस देत असे. बार्नार्ड यांचे लग्न १८८१ साली ऱ्होडा कॅल्व्हर्ट ह्यांच्याशी झाले होते. कर्ज काढून त्यांनी छोटेसे घर बांधले, आणि हप्ता भरण्याची वेळ आली की एखादा धूमकेतू सापडावा, असा योग अनेकदा आला. १८८३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन वेधशाळा सोपविली, व १८८८ पासून ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत काम करू लागले.

तेथे ३६ इंची दुर्बीण होती, भिंगाच्या दुर्बिणींत जगात त्या वेळची सर्वांत मोठी; पण ती बार्नार्ड यांच्या वाट्यास बराच काळ आली नाही. त्यांच्या हाती आले ते सहा इंच व्यासाचे एक भिंग. माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी घडविलेले हे भिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छायाचित्रकाराकडून जुनेच विकत घेतलेले होते. ते लाकडी पेटीत बसवून बार्नार्ड यांनी ती पेटी एका लहान दुर्बिणीस बांधली आणि १८८९ च्या उन्हाळ्यात ती आकाशगंगेकडे रोखली.

येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे. आपला डोळा प्रकाश साठवीत नाही. अंधुक वस्तूकडे तीन तास पाहिले तरी ती अंधुकच राहते. छायाचित्राची काच मात्र क्षणोक्षणी येणारा प्रकाश जमा करीत जाते. मोठी दुर्बीण आकाशाचा चिमूटभर तुकडा दाखविते, तर तसबिरीचे भिंग विस्तीर्ण प्रदेश एका काचेवर उतरविते. अडचण एकच: पृथ्वी फिरत असल्याने तारे सरकतात. घड्याळाची कळ दुर्बिणीस फिरवी खरी, पण ती चुके. म्हणून एक तारा दुर्बिणीतील दोन तारांच्या छेदावर धरून, डोळा न हलविता, दोन दोन चार चार तास हाताने दुरुस्ती करीत राहावे लागे. तेच गच्चीवरचे काम, केवळ सूर्याच्या जागी तारा! आज छंद म्हणून लहान कॅमेऱ्याने तेजोमेघ टिपणारांसाठी हे काम मोटर व दुसरा इवलासा कॅमेरा करितो.

त्या काचांवर ताऱ्यांचे मेघच्या मेघ उमटले, आणि त्यांच्यामध्ये काळेभोर डाग. १८९२ साली मोठ्या दुर्बिणीतून त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधिला व कीर्ती सर्वत्र पसरली. तथापि त्यांच्या मनास घोर लागला तो ह्या डागांचा. ही आकाशातील भोके आहेत, तेथे तारेच नाहीत, असे ते प्रथम मानीत, व पुष्कळ वर्षे त्यांनी तसेच लिहिले. १८९५ साली लिक सोडून ते विस्कॉन्सिनमधील यर्कीज वेधशाळेत गेले. उष्ण हवेने प्रतिमा थरथरते म्हणून तेथील घुमटात शेगडी पेटवीत नसत; हिवाळ्याच्या रात्री ते तसेच उभे राहात. कॅथरीन ब्रूस ह्या दानशूर बाईंच्या देणगीतून १९०४ साली दहा इंची छायाचित्र-दुर्बीण तयार झाली, तशी चित्रे अधिकच स्पष्ट झाली. मग १९१३ च्या उन्हाळ्यात एका निर्मळ रात्री धनुराशीचे चित्र घेताना त्यांनी पाहिले की आपल्याच हवेतील लहान लहान ढग ताऱ्यांपुढे शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत आहेत. संशय मनात पूर्वीपासून होताच. १९१९ साली त्यांनी अशा १८२ काळ्या खुणांची यादी छापिली, व त्यांतील पुष्कळ खुणा भोके नसून ताऱ्यांपुढे आलेले अंधारी पदार्थ आहेत, असे मोकळेपणी मान्य केले. ते धूळ व वायू यांचे मेघ असून त्यांतच नवे तारे जन्मतात, हे आता सिद्ध झाले आहे.

१९२१ साली पत्नी वारली. ता. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी बार्नार्ड यांनीही देह ठेविला. आकाशगंगेच्या छायाचित्रांचा त्यांचा ग्रंथ तेव्हा अपुरा होता. छापखान्याच्या शाईवर भरवसा न ठेविता, ७०० प्रतींसाठी लागणारी ३५,७०० छायाचित्रे त्यांनी खऱ्या छायाचित्रांच्या कागदावर काढविली होती आणि एकूण एक स्वतः तपासली होती. उरलेले काम त्यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट व वेधशाळेचे प्रमुख एडविन फ्रॉस्ट यांनी पुरे केले, आणि १९२७ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.