चार्ल्स लिंडबर्ग: समोर काच नसलेल्या विमानातून अटलांटिक पार
हवाईतल्या माउई बेटावर बाईकने वळणावळणाचा हाना रोड धरलात, की हानाच्याही पुढे किपाहुलूला एक छोटं चर्च लागतं. त्याच्या आवारात चार्ल्स लिंडबर्गची साधी कबर आहे.

१९०२ साली जन्मलेला हा अमेरिकन वैमानिक आधी टपालाचं विमान उडवायचा. २० मे १९२७ला तो न्यूयॉर्कहून एकटाच निघाला आणि कुठेही न थांबता ३३.५ तासांनी पॅरिसला उतरला. अंतर सुमारे ५,८०० किमी, इंजिन मात्र एकच! वजन वाचवून जास्त इंधन नेता यावं म्हणून रेडिओ आणि पॅराशूट दोन्ही घेतले नाहीत. मुख्य टाकी सीटच्या पुढे बसवली, म्हणजे अपघात झाला तर इंजिन आणि टाकीच्या मध्ये तो चिरडला जाणार नाही. पण त्यामुळे समोरची काचच गेली. पुढचं बघायला फक्त छोटा पेरिस्कोप.

पुढे सर्जन अलेक्सिस कॅरेलसोबत त्याने अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवणारा पंप बनवला. पण १९३८मध्ये नाझी जर्मनीचं पदक स्वीकारलं, तो डाग कधीच पुसला गेला नाही.

१९७४मध्ये कॅन्सर बरा होणार नाही हे कळल्यावर तो न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमधून माउईला आला. कबर कशी असावी हेही त्यानेच ठरवलं. २६ ऑगस्टला तो गेला.