पंचांचा कैवारी : ऑगी डोनाटेली

३ ऑक्टोबर १९७० हा अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासातील आगळा दिवस ठरला. नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या दोन्ही लीगच्या अजिंक्यपद मालिकांना त्या दिवशी प्रारंभ होत होता; पण सामन्यांसाठी नेमलेले पंच मैदानात उतरलेच नाहीत. पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमबाहेर ते साध्या वेशात फलक घेऊन उभे राहिले. आत मायनर लीगमधून आणलेल्या बदली पंचांनी कसाबसा सामना पार पाडला. मेजर लीगच्या पंचांनी केलेला हा पहिला संप. तो एकच दिवस टिकला, पण ज्या संघटनेच्या बळावर तो पुकारला गेला, तिच्या उभारणीला बरीच वर्षे लागली होती. त्या संघटनेची मुहूर्तमेढ रोवणाऱ्यांत अग्रभागी होते ते ऑगी डोनाटेली.

ऑगस्ट डोनाटेली यांचा जन्म २२ ऑगस्ट १९१४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हाइलवुड या गावी, इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. हा सारा परिसर कोळशाच्या खाणींचा. वडील खाणीत राबत आणि मुलगाही तारुण्यात त्याच काळोखात उतरला. अपघाताची टांगती तलवार, ठेकेदारी वृत्तीचे मालक आणि त्यांच्याशी झुंजणारी खाणकामगारांची संघटना हे त्या मुलखाचे नित्याचे चित्र होते. एकट्या कामगाराचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, सर्वांनी मिळून मांडलेले मात्र ऐकावे लागते, हा धडा तेथील मुलांना शाळेत शिकवावा लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धात डोनाटेली अमेरिकेच्या हवाई दलात बी-१७ बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडील तोफ सांभाळत. १९४४ मध्ये आपल्या अठराव्या मोहिमेत बर्लिनवर हल्ला करण्यासाठी निघालेले त्यांचे विमान पाडले गेले. हवाई छत्रीच्या साह्याने ते बचावले, पण जर्मनांच्या हाती लागले आणि युद्ध संपेपर्यंत युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले. छावणीत कैदी वेळ घालवण्यासाठी सॉफ्टबॉल खेळत. तेथे डोनाटेली पंचाचे काम करू लागले. पुढील आयुष्याची वाट त्यांना अशी काटेरी कुंपणाआड सापडली.

मायदेशी परतल्यावर माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीतून त्यांनी नामवंत पंच बिल मॅकगोवन यांच्या प्रशिक्षण शाळेत प्रवेश घेतला. मायनर लीगमध्ये अवघी चार वर्षे काढून १९५० मध्ये ते नॅशनल लीगमध्ये दाखल झाले. ही झेप असामान्य होती. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर फटका मारणाऱ्या एडी मॅथ्यूज यांच्या मागे, कॅचरच्या पाठीशी उभे असलेले पंच होते डोनाटेली.

१९५७ च्या वर्ल्ड सीरिजमधील चौथा सामना त्यांच्या कारकिर्दीतील विशेष गाजलेला. मिलवॉकी ब्रेव्हज न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध दहाव्या डावात पिछाडीवर होता. निप्पी जोन्स या बदली फलंदाजाने चेंडू आपल्या पायाला लागल्याचा दावा केला. डोनाटेलींनी तसा निर्णय दिला नव्हता. मग जोन्सने चेंडूवर उमटलेला बुटाच्या पॉलिशचा डाग त्यांना दाखवला. पुरावा पाहताच डोनाटेलींनी आपला निर्णय फिरवला व जोन्सला पहिला बेस बहाल केला. त्या डावात मॅथ्यूजच्या होमरनने ब्रेव्हजने सामना जिंकला आणि पुढे मालिकाही.

मैदानात ज्याचा शब्द अखेरचा, त्या पंचाला मैदानाबाहेर मात्र शब्दच नव्हता. नेमणूक वर्षावर्षाच्या कराराने होई आणि करार लीगच्या अध्यक्षांच्या मर्जीवर अवलंबून असे. ते अध्यक्ष निवडत ते संघमालक. संघाचे निम्मे सामने तरी स्वतःच्या शहरात होतात. पंचाला सर्वच सामने परगावचे. एप्रिलपासून हंगाम संपेपर्यंत घरदार सोडून हॉटेलांत राहायचे, वेतन तुटपुंजे आणि निवृत्तिवेतन त्याहून तुटपुंजे. एखादा निर्णय बलाढ्य मालकाला खटकला तर पुढच्या वर्षीचा करार येईल की नाही, याची शाश्वती नसे. निःपक्षपातीपणाची अपेक्षा ज्याच्याकडून करायची, त्याचीच भाकरी एका पक्षाच्या हाती होती.

खाणीच्या मुलखात वाढलेल्या डोनाटेलींना हे असह्य झाले. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी सहकाऱ्यांना एकत्र करून नॅशनल लीगच्या पंचांची संघटना उभी केली. शिकागोतील वकील जॉन रेनॉल्ड्स यांनी तिची बाजू सांभाळली. लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांना नाइलाजाने का होईना, या पंचांशी बोलणे भाग पडले आणि त्यांच्या पदरात काही सुधारणा पडल्या.

अमेरिकन लीगचे पंच मात्र असंघटितच होते. आपले भाईबंद पुढे गेल्याचे पाहून त्यांच्यातही चुळबुळ सुरू झाली. सप्टेंबर १९६८ मध्ये लीगचे अध्यक्ष जो क्रोनिन यांनी अल सालेर्नो आणि बिल व्हॅलेंटाइन या दोन पंचांना अकार्यक्षमतेचे कारण देऊन तडकाफडकी काढून टाकले. हे दोघे संघटना बांधण्याच्या खटपटीत होते आणि हेच बडतर्फीचे खरे कारण, असा पंचांचा आरोप होता. क्रोनिन यांनी तो फेटाळला. दोघांनी दाद मागितली, पण ते मेजर लीगमध्ये पुन्हा पंच म्हणून उभे राहू शकले नाहीत. पंचांना घाबरवण्याचा हेतू असेलच, तर तो सपशेल फसला. दोन्ही लीगच्या पंचांनी एकत्र येऊन मेजर लीग अंपायर्स असोसिएशन स्थापन केली.

हा वाद राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळापुढे गेला. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये दिला होता. त्या आधारे कामगार कायदा आपल्याला लागू नाही, अशी मालकांची भूमिका होती. शिवाय पंच हे पर्यवेक्षक असल्याने त्यांना संघटनेचा हक्क नाही, असाही युक्तिवाद झाला. डिसेंबर १९६९ मध्ये मंडळाने दोन्ही मुद्दे अमान्य केले. पंच खेळाडूंना नियम लावतो, मालकाच्या वतीने कामगारांवर देखरेख करत नाही, हा भेद मंडळाने ओळखला. बेसबॉल प्रथमच कामगार कायद्याच्या कक्षेत आले. याचा लाभ खेळाडूंनाही झाला. १९९४ चा प्रदीर्घ संप १९९५ मध्ये मिटला तो याच मंडळाच्या अर्जावर न्यायालयाने मालकांना दिलेल्या मनाई हुकुमामुळे.

१९७० च्या संपानंतर मालकांनी पंचांच्या संघटनेला मान्यता दिली. करार होऊन किमान वेतन वर्षाला ११ हजार डॉलर ठरले आणि सरासरी वेतन २१ हजार डॉलरवर गेले.

डोनाटेलींची अखेरची वर्ल्ड सीरिज १९७३ ची. ओकलंड येथील दुसऱ्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सचा बड हॅरेलसन होम प्लेटकडे झेपावला आणि जमिनीवर जवळजवळ आडवे झालेल्या डोनाटेलींनी त्याला बाद ठरवले. मेट्सचे विली मेज यांनी गुडघे टेकून विनवणी केली, पण निर्णय बदलला नाही. दूरचित्रवाणीवरील पुनर्दर्शनात हॅरेलसन बाद नसल्याचे अनेकांना वाटले. बुटाच्या पॉलिशसारखा पुरावा या वेळी समोर नव्हता आणि चित्रफीत पाहून निर्णय देण्याची सोय तेव्हा पंचांना नव्हती. तो हंगाम संपल्यावर ते निवृत्त झाले. २४ मे १९९० रोजी फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संघटनेने १९७९ मध्ये मे महिन्याच्या मध्यापर्यंत संप करून पंचांसाठी आणखी सवलती मिळवल्या. १९९९ मध्ये मात्र सामूहिक राजीनाम्यांचा डाव अंगलट आला. २२ पंचांच्या नोकऱ्या गेल्या आणि संघटनेची जागा २००० मध्ये दुसऱ्या संघटनेने घेतली. संघटनेचे नाव बदलले, नेते बदलले. तरीही पंच हाही कामगार आहे आणि त्याला मालकांसमोर बसून हक्काने बोलता येते, हे तत्त्व अबाधित राहिले. डोनाटेलींनी चेंडूफळीच्या मैदानात दिलेले निर्णय आज फारसे कोणाच्या स्मरणात नसतील, पण मैदानाबाहेर त्यांनी मिळवलेला हा निकाल कोणालाही फिरवता आलेला नाही.