वालचंद हिराचंद: गाडी जोडायची नव्हती, बनवायची होती!

समजा, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या शोरूममध्ये तुम्ही स्पोर्टी हॅचबॅक बघायला गेलात. आधी काय बघाल? टचस्क्रीन किती इंची आहे, मागे एसीचा व्हेंट आहे का, डिकीत बॅगा किती बसतात, मागची सीट फोल्ड होते का. या लिस्टमध्ये एक प्रश्न सहसा नसतो. ही गाडी इथे बनली, की इथे फक्त जोडली?

फोनच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बॉक्सवर मेड इन इंडिया असतं, पण चिप बाहेरून आलेली असते. गाड्यांच्या बाबतीत याच प्रश्नासाठी एका सोलापूरच्या माणसाने आयुष्याची बरीच वर्षं घालवली. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी. त्यांनी काढलेल्या कंपनीने पुढे डोंबिवलीजवळ चक्क एक फ्रेंच हॅचबॅक बनवली होती. चला, ही गोष्ट सुरुवातीपासून बघूया.

सोलापूर ते भोर घाट

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार आणि सावकारी. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. पण गादीवर बसून व्यापार करण्यात त्यांचं मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं आणि ते रेल्वे कॉन्ट्रॅक्टर झाले.

पुढची कामं आपल्या ओळखीची आहेत. कल्याणहून पुण्याला जाताना कर्जतनंतर गाडी भोर घाट चढते. तिथल्या रेल्वे बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीने केलं. ठाणे जिल्ह्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या पाइपलाइनचं कामही त्यांनी केलं.

आधी जहाज, मग विमान

१९१९ मध्ये त्यांनी काही भागीदारांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचं एसएस लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना धंद्यातून घालवायचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली.

१९३९ मध्ये ते मोटार कारखान्याच्या बोलणीसाठी अमेरिकेत गेले. सर विश्वेश्वरय्यांनी भारतात मोटारी बनवण्याची योजना आधीच तयार केली होती. फोर्डबरोबर जमलं नाही, क्रायसलर तयार झाली. पण युद्ध सुरू झालं होतं आणि ब्रिटिश सरकारने कारखान्याला साथ दिली नाही.

त्याच परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान उद्योजकाशी गाठ पडली. मोटार कारखाना अडला होता, पण युद्धात विमानं तर लागणारच. म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आजची एचएएल म्हणजे तीच कंपनी. नाशिकजवळ ओझरला तिचा मोठा कारखाना आहे.

कुर्ल्याचा कारखाना

मोटारीचा विषय मात्र वालचंद यांनी सोडला नाही. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना उभा केला आणि १९४७ मध्ये क्रायसलरच्या गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या.

इथे एक गोष्ट समजून घेऊया. मुंबईत गाड्या त्याआधीही तयार होत होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला कारखाना टाकला होता. पण परदेशातून खोक्यात सुटे भाग यायचे आणि इथे ते जोडले जायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर तयार ॲप इन्स्टॉल करण्यासारखं. सोर्स कोड कंपनीकडेच! वालचंद यांना भाग इथे बनवायचे होते. सुरुवात जोडणीपासूनच करावी लागली, पण तिथे थांबायचं नव्हतं.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. कारभार भावांनी सांभाळला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे इथे भाग बनवण्याची योजना आहे, त्यांनीच देशात गाड्या कराव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्डने जोडणीचे कारखाने बंद केले. प्रीमियर राहिली.

छोट्या गाडीत जागा कशी करतात?

तोवर प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली होती. १९५१ च्या सुमारास कुर्ल्यात फियाट ५०० म्हणजे टोपोलिनो जोडली जाऊ लागली. ५६९ सीसीचं इंजिन आणि बसायला दोघं. इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे ठेवलं होतं, म्हणजे आत पायांना जागा मिळते.

मग आली फियाट ११००. १९६४ पासून तिचं ११००डी मॉडेल आणि १९७४ पासून नाव प्रीमियर पद्मिनी. हीच आपली काळी-पिवळी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, म्हणून पुढेही सलग बाकासारखी सीट. हळूहळू तिचे बहुतेक सगळे भाग इथेच बनू लागले. वालचंद यांचं अर्धं स्वप्न पूर्ण झालं. अर्धंच, कारण डिझाइन फियाटचं होतं आणि २००० च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत गाडी मुळात तीच राहिली.

डोंबिवलीची हॅचबॅक

१९९४ मध्ये प्रीमियरने फ्रान्सच्या पेजोबरोबर कल्याण-डोंबिवली भागातल्या कारखान्यात पेजो ३०९ बनवायला घेतली. पद्मिनीत बसणाऱ्यांना हा मोठाच बदल होता. पद्मिनीची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यासाठी गाडीखालून लांब दांडा जातो आणि मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा येतो. ३०९ मध्ये इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. तो दांडाच नाही, त्यामुळे आत जागा जास्त. मागचा दरवाजा काचेसकट वर उघडायचा आणि सीट पाडली की सामानाला मोठी जागा. आजच्या बहुतेक हॅचबॅकची मांडणी हीच आहे.

याच गाडीचं जीटीआय मॉडेल युरोपात १३० हॉर्सपॉवरची स्पोर्टी हॅचबॅक म्हणून गाजलं. आपल्याकडे मात्र १.४ लिटर पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल आलं. शिवाय युरोपात ३०९ चं उत्पादन १९९३ मध्येच संपलं होतं. म्हणजे तिकडे जी गाडी बंद झाली, ती इकडे नवी म्हणून सुरू झाली. त्यात कामगारांशी वाद झाले आणि १९९७ मध्ये पेजो भागीदारीतून बाहेर पडली. डिझाइन तिचं होतं, ते तिच्याबरोबर गेलं. मागे राहिला कारखाना, आणि स्पेअर पार्ट शोधणारे गाडीमालक.

मग वालचंद यांचं स्वप्न?

ते पूर्ण झालं, पण दुसऱ्याच कंपनीकडून. १९९८ मध्ये टाटांनी इंडिका आणली. बाहेरून छोटी, आत ॲम्बेसेडरइतकी ऐसपैस, असं तिचं लक्ष्य होतं. स्टायलिंगला इटलीची मदत घेतली, पण गाडी आपली होती. त्याच कंपनीची अल्ट्रोज रेसर २०२४ मध्ये आली: १०.२५ इंची टचस्क्रीन, ३६० डिग्री कॅमेरा, हवा खेळणाऱ्या पुढच्या सीट आणि ९० अंशांत उघडणारे दरवाजे.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा फीचर्स बघाच. मागे बसून गुडघ्यांची जागा बघा, सीट पाडून डिकी बघा. पण सेल्समनला आणखी तीन प्रश्न विचारा. इंजिन कुठे बनतं? स्पेअर पार्ट कुठून येतात? आणि स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट कोण आणि किती वर्षं देणार? उत्तरं पक्की मिळाली, तर कंपनीची भागीदारी उद्या तुटली तरी तुमची गाडी अडकणार नाही.