शिलकीचा जाब विचारणारा शिक्षक

अंदाजपत्रकात तूट आली की आपण सरकारला धारेवर धरतो; शिल्लक दिसली की कारभार चोख चालला आहे असे समजून पान उलटतो. ही समजूत किती भाबडी आहे, हे सव्वाशे वर्षांपूर्वी गोपाळ कृष्ण गोखले यांनी खुद्द व्हाइसरॉयसमोर दाखवून दिले होते.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोखले पेशाने शिक्षक. फर्ग्युसन महाविद्यालयात ते अध्यापन करीत आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चाले. सरकारी अहवाल आकड्यांच्या मुळाशी जाऊन वाचण्याची शिस्त मात्र त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लावली. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये त्यांनी साक्ष दिली, तेव्हा त्यांच्या वयाला एकतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

१९०२ साली ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तेथे सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. खर्चातील एक रुपयासुद्धा कमी करण्याचा अधिकार नाही, अध्यक्षस्थानी कर्झनसाहेब आणि बहुमत सरकारचेच. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी लागोपाठच्या वर्षांत पडलेल्या शिलकीवरच बोट ठेवले.

त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान सरकारला दरसाल मोठी रक्कम इंग्लंडमध्ये पौंडांत चुकती करावी लागे. चांदी उतरली, तसा रुपयाही घसरला आणि तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये मोजावे लागू लागले. ही खोट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले; १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्या आणि काही वर्षांत रुपया सावरून सोळा पेन्सांवर स्थिरावला. देणे हलके झाले, पण त्या देण्यासाठी बसविलेले कर तसेच राहिले. तिजोरीतील शिल्लक आली ती येथून. ती जमत होती तेव्हा देशात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडून गेले होते. रयत सुखी झाल्याचा पुरावा म्हणून ही शिल्लक मिरविणे म्हणजे गोखल्यांच्या दृष्टीने निव्वळ विपर्यास होता.

या आकड्यांमागे आणखी एका शिक्षकाचे श्रम होते, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. सरकारी शाळेतील गणेश व्यंकटेश जोशी हे अर्थविषयक कोष्टकांचे गाढे अभ्यासक. गोखल्यांच्या भाषणांसाठी त्यांनी मोठे साहाय्य केले. साहेबाच्या नोकरीत राहून साहेबाचेच हिशेब तपासणे ही काही लहानसहान हिंमत नव्हे.

मिठावरील कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. हे सारे श्रेय गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण वर्षानुवर्षे त्यांनी लावलेला तगादा सरकारला दृष्टीआड करता आला नाही, हेही तितकेच खरे. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा वार्षिक पाचशेवरून हजार रुपयांवर नेण्यात आली. कारकून-मास्तरांच्या घरात तो दिलासा नक्कीच जाणवला असेल.

लष्करावरील खर्च आवरा आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवा, हा त्यांचा दुसरा धोशा. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यातही पैशाची व्यवस्था ते विसरले नाहीत: खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थांनी उचलावा व दोन तृतीयांश सरकारने, अशी त्यांची मांडणी होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी बाकांबरोबर काही हिंदी सभासदांनीही विरोधात मत दिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले पुण्यात निवर्तले. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभर अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. आणि त्याचा खर्च केंद्राने किती सोसावा, राज्यांनी किती, यावरची ओढाताण त्यानंतरही चालूच राहिली.