आधी आईला आधार

परक्याचं पोर रस्त्यात धडपडलं तरी आपला हात आधी पुढे जातो. कुणाचं, कुठल्या जातीचं, हे प्रश्न मागाहून. शेजारी तान्हं बाळ रडलं तर आपल्या हातातलं लाटणं थांबतं. लेकराला जपायची ओढ माणसात उपजतच असते म्हणतात. मग नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाचा जीव आईच्याच हातून जातो, तेव्हा ही ओढ कुठे जाते? सावित्रीबाई फुले यांचं आयुष्य पाहिलं की याचं उत्तर मिळतं.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई आपल्याला ठाऊक असतात त्या मुलींच्या शाळेमुळे. शेण-चिखल अंगावर झेलत शिकवायला जाणारी ही माउली प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे आहे. पण त्यांच्या घराचं दार आणखी एका कामासाठी उघडं होतं, ते आपण विसरतो.

त्या काळी ब्राह्मण घरांत मुलींची लग्नं अगदी लहानपणी होत. नवरा वारला की जन्मभराचं वैधव्य. त्यात कुणी फसवलं नि दिवस गेले, तर बोल लागायचा तो बाईलाच. पुण्यात काशीबाई नावाची तरुण विधवा जोतिरावांच्या एका स्नेह्यांकडे स्वयंपाकाला होती. तिच्यावर अशीच वेळ आली. अब्रूच्या भीतीने तिने बाळाला मारून विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप झाली, अंदमानला रवानगी झाली.

लोकांनी तिला कैदाशीण ठरवलं असेल. फुले पती-पत्नींनी मात्र वेगळा विचार केला. या बाईत माया नव्हती असं नाही, भीतीने मायेचा गळा दाबला होता. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती लावल्या. आलेल्या बायकांचं बाळंतपण सावित्रीबाई पोटच्या लेकीचं करावं तसं करत.

१८८४ साली जोतिरावांनी नोंदवून ठेवलं, की तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या, पण मुलं जगली अवघी पाच. इथे येण्याआधीच गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या जहरी औषधांनी बाकीच्यांचा घात केला होता. काळीज चिरणारा आकडा आहे हा! तरीही दार बंद झालं नाही.

स्वतःचं मूल नसलेल्या या जोडप्याने १८७४ साली अशाच एका विधवेचं बाळ दत्तक घेतलं. तोच यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केलं. १८९० साली जोतिराव गेले, तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी यशवंतला अडवलं. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती घेतलं नि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. बाईने असं करायचं ते दिवस नव्हते.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. डॉ. यशवंतने हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला गाठ आल्याचं कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं नि दवाखान्यात पोहोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या. ते लेकरू ना नात्यातलं, ना जातीतलं.

मैत्रिणींनो, लेकरू जपायची ओढ आपल्या सगळ्यांत आहे, पण ती बाळापाशीच थांबते. आजही कुठे उकिरड्यावर, कुठे देवळाच्या पायरीवर तान्हं जीव सापडल्याची बातमी येते. आपण हळहळतो नि लगेच त्या आईला बोल लावतो. गल्लीतल्या एखाद्या पोरीवर असा प्रसंग आला, तर ती आपल्या दाराशी यायला धजेल का? सावित्रीबाईंच्या दाराशी त्या ३५ जणी धजल्या होत्या.