आकाशातील परिचारिका : अलीडा लट्झ

परिचारिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाती दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी राहते. अलीडा लट्झच्या हाती दिवा नव्हता आणि तिचे रुग्णालय जमिनीवरही नव्हते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात फ्रीलंड या लहानशा गावी ९ नोव्हेंबर १९१५ रोजी तिचा जन्म झाला. १९३७ साली सॅगिनॉ येथे तिने परिचारिकेचे शिक्षण पुरे केले व १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, ती सैन्याच्या परिचारिका दलात दाखल झाली. पुढच्याच वर्षी तिची नेमणूक उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर झाली.

तिचे काम जखमींना विमानातून मागे आणण्याचे. विमान होते सी-४७ जातीचे, दोन इंजिनांचे. जाताना त्यात दारूगोळा नाही तर पेट्रोलचे डबे. परतताना त्याच जागी एकावर एक टांगलेली स्ट्रेचरे. युद्धसामग्री वाहत असल्यामुळे विमानावर रेडक्रॉसचे चिन्ह रंगवता येत नसे. साहजिकच शत्रूच्या वैमानिकाला ते इतर मालवाहू विमानांसारखेच दिसे. आत पडलेल्या जखमींना त्या चिन्हाचा जो काही आधार मिळाला असता, तोही नव्हता!

शिवाय सोबत डॉक्टर नसत. वीसएक जखमींमागे एक परिचारिका आणि मदतीला एक शिकवून तयार केलेला शिपाई. उंचावर हवा विरळ होते, छातीत-पोटात कोंडलेली हवा फुगते, आणि जमिनीवर बरा वाटणारा जखमी वर गेल्यावर घाबरा होतो. प्राणवायू कुणाला आधी द्यायचा, हे तिनेच त्या क्षणी ठरवायचे. डॉक्टरांना विचारून येते म्हणण्याची सोय नव्हती. तरीही त्या युद्धात अमेरिकी विमानांनी हलवलेल्या सुमारे ११ लाख ७६ हजार रुग्णांपैकी वाटेत दगावले अवघे ४६. हा आकडा मला कोणत्याही लढाईतील विजयापेक्षा मोठा वाटतो.

ट्युनिशिया, इटली, फ्रान्स अशा आघाड्यांवर अलीडाने १९६ उड्डाणे केली आणि साडेतीन हजारांहून अधिक जखमी मागे आणले. १ नोव्हेंबर १९४४ रोजी फ्रान्समधील लियाँहून जखमींना घेऊन निघालेले तिचे विमान खराब हवेत डोंगरावर आदळले. कुणीच वाचले नाही. तिला एकोणतिसावे वर्ष पुरे व्हायला आठ दिवस उरले होते.

मरणोत्तर तिला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. एका रुग्णालय-जहाजाला आणि पुढे सॅगिनॉच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाला तिचे नाव दिले गेले. ती स्वतः मात्र गावी परतली नाही. दक्षिण फ्रान्समध्ये द्रागीन्याँ येथील अमेरिकी सैनिकांच्या दफनभूमीत, सैनिकांच्याच रांगेत, तिची कबर आहे.