वीस वर्षांचा राजा : कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज

राजर्षी शाहू महाराजांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? पण शाहू महाराज ज्या गादीवर दत्तक आले, ती गादी रिकामी कशी झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. त्यामागे एका तरुण राजाची शोकांतिका आहे. त्याच्या दुर्दैवी जीवनाचा हा अल्पसा परिचय.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. तेव्हा १८७१ साली भोसले कुळातील नारायणराव नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला व त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. हेच चौथे शिवाजी महाराज. त्यांचा जन्म १८६३ सालचा, म्हणजे गादीवर बसताना वय अवघे आठ वर्षांचे!

आठ वर्षांचे मूल काल आईच्या पदराशी होते आणि आज ते छत्रपती झाले. घर बदलले, माणसे बदलली, नावसुद्धा बदलले. राज्याची सूत्रे इंग्रज पोलिटिकल एजंट व कारभारी यांच्या हाती होती. कोणी शिकवायचे, काय खायचे, कोणाशी बोलायचे हे सारे दुसरेच ठरवीत. वैभव होते, पण त्या वैभवात आपले म्हणावे असे माणूस कोठे होते?

वयाच्या सतरा-अठराव्या वर्षाच्या सुमारास महाराजांच्या मनाचा तोल ढळला आहे, असे सरकारी अधिकारी म्हणू लागले. पुण्यातील वृत्तपत्रांना व पुष्कळशा प्रजेला हे मुळीच पटले नाही. महाराजांचा छळ होत आहे आणि छळानेच त्यांची ही दशा झाली आहे, असा बोभाटा झाला. १८८१ साली सुरू झालेल्या केसरी व मराठा या पत्रांनी महाराजांची बाजू घेतली. कारभारी माधवराव बर्वे हे महाराजांच्या जिवावर उठले आहेत, असे दर्शविणारी पत्रे त्यांनी छापली. ती पत्रे बनावट ठरली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघांचेही वय तेव्हा जेमतेम सव्वीस. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक आपल्या ग्रंथालयात असेल तर अवश्य वाचावे.

संपादक सुटले, पण ज्याच्यासाठी हे सारे घडले तो राजा मात्र सुटला नाही. १८८२ साली त्यांना कारभारास असमर्थ ठरवून कागलचे जयसिंगराव घाटगे यांना रीजंट नेमण्यात आले. पुढे महाराजांना कोल्हापुरापासून दूर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठेवण्यात आले. त्यांच्यावर ग्रीन नावाच्या एका गोऱ्या शिपायाचा पहारा होता. आजाऱ्याजवळ वैद्य असावा, मायेचे माणूस असावे. येथे शिपाई होता! २५ डिसेंबर १८८३ रोजी या ग्रीनशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. वय वीस वर्षे.

योगायोग असा की, त्याच १८८३ साली आगरकरांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे ते भाषांतर. त्यातही एक राजपुत्र आहे, भोवती पाळत आहे, आणि त्याचे वेड खरे की खोटे या प्रश्नाभोवती सारा दरबार फिरतो आहे.

महाराज खरोखर आजारी होते की नव्हते, यावर इंग्रज एक म्हणत होते आणि प्रजा दुसरे. मला वाटते, आजच्या मानसशास्त्राच्या उजेडात या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. ज्या आजारात माणसाचा वास्तवाशी असलेला संबंध सुटतो, भास होतात, भलतेसलते संशय पक्के होतात, तो बहुधा सोळा ते तीस या वयात प्रथम दिसतो. त्याआधी काही मुलांच्या स्वभावात खुणा दिसू शकतात : एकलकोंडेपणा, संशयी वृत्ती, लोकांत जाण्याची भीती, चमत्कारिक कल्पना. पण या खुणा म्हणजे आजार नव्हे. अशी लक्षणे वाढल्यामुळे डॉक्टरांकडे आलेल्या तरुणांपैकीसुद्धा पुढील तीन वर्षांत सुमारे चौथा हिस्साच या आजारापर्यंत पोचतो. बहुतेक जण पोचत नाहीत. अनुवंश हे एक कारण आहे, तसेच लहानपणीची ताटातूट, मारहाण, अपमान यांनीही धोका वाढतो.

आता महाराजांकडे पाहा. ज्याच्यावर रात्रंदिवस पाळत आहे, त्याने संशय घेतला तर तो वेडा म्हणावा काय? ज्याचे बोलणे कोणी ऐकत नाही, तो गप्प झाला किंवा चिडला तर नवल काय? जे दोष म्हणून दाखवले जातात, ते कित्येकदा परिस्थितीनेच घडवलेले असतात. आणि समजा, आजार खराच होता, तरी त्यावर पहारा हा उपाय होता काय? म्हणजे वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी महाराजांना मिळालेली वागणूक चूकच ठरते. त्या काळी या आजारावर औषध नव्हते, हे खरे. पहिले गुणकारी औषध १९५२ साली आले. पण माया आणि माणुसकी तर १८८३ सालीही होती!

विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट केवळ राजवाड्याची नाही. आमच्या परभणी जिल्ह्यातील खेड्यांत एखादा पोरगा अबोल झाला, शाळा सोडून कोपऱ्यात बसू लागला, की त्याला येडा ठरवायला वेळ लागत नाही. कोणी म्हणते बाहेरचे लागले, कोणी उतारा टाकते, कोणी भगताकडे नेते आणि कोणी तर दावणीच्या गुरासारखे बांधून ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाऱ्याला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. कायदा आला, औषध आले. आता यायची आहे ती आपली दृष्टी. वर्गात शेवटच्या बाकावर एकटा बसणारा मुलगा वेडा नसतो. त्याच्याशी दोन शब्द बोलायला कोणता कायदा लागतो?

महाराजांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटग्यांचा दहा वर्षांचा यशवंतराव दत्तक घेतला. तेच शाहू महाराज. त्यांनी पुढे वसतिगृहे काढली, १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या फीसवलतीच्या अर्जावर शाहू महाराजांचेच नाव छापलेले असते. त्या नावाच्या मागे, अहमदनगरच्या एकांतात मेलेला एक वीस वर्षांचा तरुण उभा आहे. शाहूंची जयंती आपण दरवर्षी साजरी करतो. त्या दिवशी त्यांच्या या दत्तक पित्याचीही आठवण व्हावी, एवढीच इच्छा.